शिकवणारीने हात मांडीवर ठेवावेत



मी आशा गटप्रवर्तक आहे. १३ वर्षं झाली या कामाला. माझ्याकडे २२ आशाताई आहेत, २२ गावं-वाड्या आहेत आणि एक जुनी स्कूटी आहे, ती चढाला दम टाकते. आशाताई म्हणजे कोण हे तुम्हाला सांगायला नको. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली सुरू झालं, तेव्हापासून गावातलीच एक आठवी-दहावी शिकलेली सून गावाच्या आरोग्याचं काम बघते, ती आशाताई. आणि या बायकांच्या मागं उभी राहणारी, त्यांना शिकवणारी, त्यांचे कागद बघणारी ती गटप्रवर्तक.

आपल्या रेडिओच्या ताईंनी मला सांगितलं, "कामाच्या ठिकाणी एकीने दुसरीला शिकवायचं कसं, घडवायचं कसं, यावर बोला. इंग्रजीत त्याला कोचिंग म्हणतात." मला हसू आलं. कोचिंग म्हटलं की मला एसटी स्टँडसमोरचा पहिल्या मजल्यावरचा दहावीचा क्लास आठवतो. पण भाच्याने सांगितलं, की हा शब्द मुळात घोडागाडीचा. हंगेरी देशात कोच नावाचं गाव आहे, तिथं चांगल्या गाड्या बनायच्या, त्यावरून गाडीला कोच म्हणायला लागले. पुढं इंग्लंडातल्या कॉलेजची पोरं परीक्षेतून पार करणाऱ्या मास्तरला कोच म्हणायला लागली. म्हणजे बसलेल्याला जिथं जायचंय तिथं पोचवायचं. ही गाडीची गोष्ट मला आवडली. कारण पहिली चार वर्षं मी गाडी नव्हतेच, मी फाटकावरचा शिपाई होते. कागद बघायचे आणि सोडायचं नाहीतर अडवायचं.

त्या काळातली एक गोष्ट सांगते. ही माझ्या चुकीची गोष्ट आहे, म्हणून गाव सांगत नाही आणि बाईंचं नावही सांगत नाही.

आशाताईंना नवीन बाळाच्या घरी जावं लागतं. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, अशा ६ भेटी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीची एक जास्त. प्रत्येक भेटीत बाळाचं वजन, ताप, श्वास, अंगावर कसं पितंय, नाळ कोरडी आहे का, हे सगळं बघून फॉर्म भरायचा. वजनाला एक झोळीचा काटा असतो. बाळ झोळीत ठेवायचं, काटा हाताने उचलायचा आणि डोळ्यांच्या रेषेत धरून आकडा वाचायचा. ऐकायला सोपं वाटतं. बाळ हात-पाय मारत असतं, झोळी हलत असते, सासू म्हणत असते, "अगं पाडशील", आणि आकडा काही एका जागी थांबत नाही.

एका महिन्याच्या मीटिंगला एक आशाताई मला म्हणाल्या, "मॅडम, हा श्वासाचा रकाना कसा भरायचा?" त्या दिवशी माझंही डोकं फिरलेलं होतं, वरून अहवालाची घाई होती. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "प्रशिक्षणाला काय झोपा काढायला गेला होतात का?" बाकीच्या हसल्या. त्या बाईही हसल्या, खाली बघून. मला वाटलं, झालं, आता पुन्हा विसरणार नाहीत.

त्यानंतर तीन महिन्यांनी दुसऱ्याच एका आशाताईंच्या गावी मी गेले. त्यांचे फॉर्म मला फार आवडायचे. अक्षर मोत्यासारखं, एकही रकाना रिकामा नाही. त्या दिवशी त्यांच्याकडे एका बाळाची चौदाव्या दिवसाची भेट होती. म्हटलं, चला, मीही येते. फॉर्म आधीच बघितला होता. जन्माचं वजन २२०० ग्रॅम, ते दवाखान्यात घेतलेलं. तिसऱ्या दिवशी २३००. सातव्या दिवशी २३००. बाळ थोडं लहान, पण ठीक चाललंय असं कागद सांगत होता.

घरात गेलो. बाळ गोधडीत गुंडाळलेलं होतं. मी पाय हातात घेतले तर गार. तोंड वळवलं, आईने अंगावर घेतलं, तर दोन घोट ओढून झोपी जायचं. आशाताईंनी वजन केलं आणि म्हणाल्या, "२२५०." मी काटा मागितला. रिकामी झोळी अडकवून बघितली, तर काटा शून्याच्या बराच पुढं. शिवाय बाळ गोधडीसकट झोळीत. मी काटा शून्यावर आणला, गोधडी काढली, एक पातळ फडकं तेवढं ठेवलं आणि पुन्हा वजन केलं. १९५०.

मैत्रिणींनो, चौदाव्या दिवशी बाळाने जन्माच्या वजनाला परत यायला हवं असतं. हे बाळ अडीचशे ग्रॅमने खाली होतं, आणि आमच्या कागदावर ते वाढत होतं.

१०२ ला फोन केला. गाडी येईपर्यंत बाळाला आईच्या उघड्या छातीशी लावून वरून लुगडं गुंडाळलं, आईचं दूध वाटीत काढून चमच्याने थोडं थोडं पाजलं. जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या नवजात कक्षात ते बाळ ६ दिवस होतं. वाचलं. अठ्ठाविसाव्या दिवशी २३०० भरलं, तेही नीट शून्यावर आणलेल्या काट्यावर. आता ते पोर शाळेत जातं आणि मला बघून पळतं, कारण त्याला वाटतं मी सुई टोचते.

पण मला सांगायचंय ते गाडी गेल्यानंतरचं. आम्ही दोघी त्या घराच्या ओट्यावर बसलो होतो. मी विचारलं, "काटा पुढं असतो हे तुम्हाला दिसलं नव्हतं का?" त्या म्हणाल्या, "दिसत होतं मॅडम. मला वाटलं, माझा काटा तसाच आहे." मी म्हटलं, "मग विचारलं का नाही?" त्या बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "विचारणार होते. पण तुम्ही त्या मीटिंगला..." पुढचं बोलल्या नाहीत. बोलायची गरजही नव्हती.

मी बोलले होते एकीला, आणि गप्प बसल्या होत्या बावीसच्या बावीस.

आणखी एक गोष्ट रात्री झोप येईना तेव्हा लक्षात आली. नवीन बाळ पहिल्या तीन-चार दिवसांत वजनाला थोडं उतरतं, हे मी स्वतः प्रशिक्षणात शिकवत होते. मग तिसऱ्या दिवशी १०० ग्रॅमने वाढलेलं बाळ कागदावर बघून मला शंका का आली नाही? कारण मी आकडा वाचतच नव्हते. रकाना भरलाय की नाही, एवढंच बघत होते. त्या बाईंनी काटा शून्यावर आणला नाही, ही त्यांची चूक. पण प्रशिक्षणात ३० बायका आणि काटे दोन. त्यांच्या हातात काटा किती वेळ आला असेल? हातात न आलेलं काम हाताला येतं का?

तिथून मी माझी पद्धत बदलली. एका दिवसात नाही. जसजशी फसत गेले तसतशी.

पहिलं म्हणजे, बरोबर जायचं आणि बघायचं. बघायचं म्हणजे नुसतं बघायचं. हे सगळ्यात अवघड आहे. आपल्याला काम येत असतं, समोरची चाचपडत असते, आणि आपले हात शिवशिवतात. "द्या इकडं" हे दोन शब्द तोंडात आलेलेच असतात. मी एक युक्ती काढली. घरात शिरलं की मी उंबऱ्याजवळ मागं बसते आणि दोन्ही हात मांडीवर, पर्स हातात घट्ट धरून. कारण मी पुढं बसले की बाळाची आई माझ्याकडं बघून बोलते, आशाताईंकडं नाही. मी काटा हातात घेतला की सासूबाई मनात म्हणतात, "म्हणजे आमच्या गावातलीला येत नाही वाटतं." मी तासाभराने निघून जाणार. त्या बाईंना त्याच घरात उद्या, परवा, वर्षभर जायचंय. त्यांची पत मी माझ्या दोन मिनिटांच्या हुशारीसाठी घालवायची का?

याला एक अपवाद आहे, आणि तो घरात जाण्याआधीच ठरवून ठेवायचा. बाळाला धोका दिसला तर शिकवणं बाजूला. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेतंय, छाती आत ओढली जातेय, पीत नाही, अंग ढिलं पडलंय, गार लागतंय, तर तिथं थांबून "तुम्हाला काय वाटतं ताई" असं विचारत बसायचं नसतं. आमचं ठरलेलं वाक्य आहे, "ताई, जरा मीही बघू का?" हे वाक्य आलं की आशाताईंना कळतं, काहीतरी आहे. आणि घरच्यांना त्यात वावगं काही वाटत नाही.

दुसरं, परतीच्या वाटेवर विचारायचं. घरात नाही, मीटिंगमध्ये नाही, वाटेवर. दोघी शेजारी शेजारी चालत असलो की डोळ्यांत बघावं लागत नाही, त्यामुळं बोलणं सोपं जातं. मी आधी विचारते, "आज काय बरं जमलं असं वाटतं?" मग, "पुन्हा तीच भेट करायची झाली तर काय वेगळं कराल?" आणि मग गप्प राहते. हे गप्प राहणं मला फार उशिरा जमलं. मी मनात दहापर्यंत मोजते. पहिलं उत्तर ठरलेलं असतं, "बरं झालं की मॅडम." ते उत्तर नव्हेच, ती रीत झाली. खरं उत्तर कालव्याचा पूल ओलांडला की येतं. "मॅडम, श्वास मोजताना माझं घड्याळाकडं बघू की छातीकडं बघू असं होतं." बघा, हे मी आधी बोलून टाकलं असतं तर मला कधी कळलं असतं का? मी वजनावर लेक्चर दिलं असतं आणि त्यांची अडचण श्वासाची होती.

त्या श्वासाचंच सांगते. बाळाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा असतो, कारण लहान बाळ मध्येच थांबून मग भरभर घेतं. घड्याळ आणि पोट दोन्हीकडं बघायचं कसं? आम्ही दोघी एका पिंपळाच्या पारावर बसलो. मी माझा हात पोटावर ठेवून श्वास घेऊन दाखवला, त्यांनी मोजला. मग उलट. मग त्याच म्हणाल्या, "मॅडम, घड्याळ बाळाच्या पोटाजवळ धरलं तर?" झालं की काम. ती युक्ती त्यांची होती म्हणून त्या कधी विसरल्या नाहीत. नंतर मी ती बाकीच्या एकवीसजणींना सांगितली, त्यांचं नाव घेऊन.

दाखवायचं, मग त्यांच्याकडून करून घ्यायचं, हे तर आपण स्वयंपाकघरात करतोच. पोळी लाटायला शिकवताना आई व्याख्यान देत नाही. पीठ हातात देते आणि पहिली वाकडी पोळी भाजून खाते. कामावर आलं की आपण हे विसरतो आणि परिपत्रक वाचून दाखवतो.

तिसरी गोष्ट, एका वेळी एकच. माझा स्वभाव असा की एका भेटीत नऊ चुका दिसल्या तर नऊच्या नऊ सांगायच्या. ऐकणारीच्या हातात त्यातली एकही राहत नाही, मनात मात्र एवढंच राहतं की आपण वाईट आहोत. आता मी ज्या चुकीने बाळाचं किंवा आईचं नुकसान होईल तेवढी एकच धरते. अक्षर वाकडं असेल तर असू दे. आणि ती एक गोष्ट मी एका छोट्या वहीत लिहिते. पानावर आशाताईंचं नाव, तारीख आणि एक ओळ. "झोळी आधी रिकामी तोलणे." पुढच्या भेटीला जाण्याआधी तेवढी ओळ वाचते आणि तेवढंच बघते. माझी वही माझ्या वरिष्ठांना कुणाला दाखवत नाही, हे मी आशाताईंना सांगून ठेवलंय. ती अहवालाची वही नाही. एकदा का तिचा अहवाल झाला की मग पुन्हा सगळं "बरं झालं की मॅडम."

शाबासकीचंही असंच. "छान केलंत" हे काही कामाचं नाही, ते आपण हळदीकुंकवाला आलेल्या बाईच्या साडीलाही म्हणतो. नेमकं काय छान केलं ते सांगा. एका घरी सून अंगावर पाजायला तयार होती, सासूबाई मधाचं बोट चाटवायच्या मागं होत्या. आमच्या आशाताईंनी सुनेशी एक शब्द बोलण्याआधी सासूबाईंच्या शेजारी बसकण मारली आणि विचारलं, "आत्याबाई, तुमची किती लेकरं? त्यांच्या वेळी कसं करायचा?" दहा मिनिटं ऐकलं. मग म्हणाल्या, "आता सहा महिने नुसतं आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, असं डॉक्टर सांगतात. तुम्ही लक्ष ठेवाल का यांच्याकडं?" मधाची बाटली सासूबाईंनीच फडताळात ठेवून दिली. मी वाटेत सांगितलं, "तुम्ही सासूबाईंना आधी मोठेपणा दिलात आणि मग राखण त्यांच्याकडंच सोपवलीत, ते मला आवडलं." त्या बाई म्हणाल्या, "असं केलं व्हय मी?" आपण काय चांगलं करतो हे पुष्कळ बायकांना माहीतच नसतं. सांगितलं की दुसऱ्या घरी त्या ते मुद्दाम करतात.

हे मी काही शोधून काढलेलं नाही. आपल्या महाराष्ट्रातच हे फार आधी झालंय. जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं. गावातल्या, कितीतरी तर शाळेची पायरी न चढलेल्या बायकांना त्यांनी आरोग्याचं काम शिकवलं. एकदा शिकवून गावी धाडलं असं नाही. त्या बायका पुन्हा पुन्हा जामखेडला यायच्या, आपापल्या गावात काय घडलं ते एकमेकींना सांगायच्या आणि त्यातूनच पुढचं शिकायच्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ साली 'लॅन्सेट' या साप्ताहिकात त्याचा निकाल छापून आला, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. लोक हा आकडा सांगतात आणि थांबतात. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. तिथं दर पंधरवड्याला डॉक्टर गावात जाऊन त्या बाईच्या नोंदी पडताळायचे आणि चुकलेलं पुन्हा शिकवायचे. आज आपल्या आशाताई ज्या सहा-सात भेटी करतात त्यांचं मूळ त्या कामात आहे. भेटींची संख्या आपण घेतली. तो पंधरवडा मात्र बऱ्याच ठिकाणी वाटेत सांडला, असं माझं मत आहे.

आता एक कडू गोष्ट. शिकवण्याने सगळं सुटतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी बंद पडलेला थर्मामीटर हातात धरलेला नसतो. एक आशाताई दोन महिने ताप लिहीत नव्हत्या. मी माझ्या नव्या पद्धतीने विचारलं, थांबले, दहापर्यंत मोजलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, सेल संपलाय. उपकेंद्रात मागितला, नाही म्हणाले." तिथं कसलं कोचिंग? तिथं सेल लागतो. तसंच मोबदल्याचं. तीन-तीन महिने पैसे आले नाहीत आणि बाई भेटीला जायच्याऐवजी खुरपायला गेली, तर तिला प्रेरणेचं भाषण देणं हा तिचा अपमान आहे. मी आता आधी स्वतःला विचारते, हिला माहीत नाही, की माहीत आहे पण हाताला सवय नाही, की माहीत आहे, सवय आहे, पण वस्तूच नाही, पैसाच नाही, घरातून सोडतच नाहीत? पहिल्या दोन्हीला मी शिकवू शकते. बाकीच्यासाठी मला वर भांडावं लागतं, नाहीतर तिच्या नवऱ्याशी जाऊन बोलावं लागतं. भांडणं हेही माझ्या कामातच येतं, जरी ते माझ्या कागदात कुठं लिहिलेलं नसलं.

आणि हो, कधी कधी बाईला खरंच काम करायचं नसतं. अशीही एक होती. दोन वर्षं मी मागं लागले, शेवटी तिनेच सोडलं आणि किराणा दुकान टाकलं. उत्तम चालतं. मी साखर तिच्याकडूनच घेते.

तुमच्यातल्या सगळ्याच काही आरोग्याच्या कामात नाहीत, मला ठाऊक आहे. मागच्या आठवड्यात बचत गटाच्या शिवण युनिटवाल्या एक ताई भेटल्या. म्हणाल्या, "माझ्याकडं नवीन मुली येतात, कॉलर वाकडी लावतात, मी उसवून स्वतः लावते, ऑर्डर वेळेवर जायला हवी ना." मी विचारलं, "मग पुढच्या वेळी कोण लावतं?" म्हणाल्या, "मीच." मी त्यांना एवढंच सुचवलं, की ऑर्डरच्या आदल्या रात्री शिकवू नका, तेव्हा खुशाल स्वतः लावा. पण मंगळवारी, काम हलकं असताना, चिंध्यांच्या कापडावर त्या मुलीलाच उसवू द्या आणि तिलाच विचारा, कॉलर नेमकी कुठून वळली. तिने बोट ठेवलं की अर्धं शिकून झालं. बघू काय होतं, मी पुन्हा जाणार आहे.

मीटिंगचं सांगायचं राहिलं. महिन्याच्या मीटिंगमध्ये आता मी कुणाची चूक सांगत नाही. सांगायचीच असली तर माझी सांगते. ती काट्याची गोष्ट मी दर वर्षी सांगते, त्यात मी काय बोलले होते ते शब्द जसेच्या तसे. पहिल्यांदा सांगितली तेव्हा माझा आवाज फुटत होता. सांगून झाल्यावर खोलीत शांतता. मग मागून एकजण म्हणाल्या, "मॅडम, माझाही काटा पुढंच असतो." आणखी दोघी म्हणाल्या, "माझाही." त्या दिवशी आम्ही २२ काटे तपासले. चार चुकत होते. मीटिंग दीड तास लांबली, चहा गार झाला, आणि अहवाल त्या महिन्यात उशिरा गेला. वरून बोलणी खाल्ली, ती मीच खाल्ली.

आणि ज्या आशाताईंच्या हातून ते झालं होतं, त्यांनी मला दोन महिने धड तोंड दाखवलं नव्हतं. राजीनामा लिहून आणला होता, चौघडी घातलेला कागद. मी तो घेतला नाही. म्हटलं, "हा कागद तुम्ही द्यायचा तर मलाही एक लिहावा लागेल. त्यापेक्षा पुढच्या मीटिंगला वजनाचं तुम्ही शिकवा." त्या म्हणाल्या, "मी? माझ्याकडून तर..." मी म्हटलं, "म्हणूनच."

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वाडीला नवीन आशाताई लागल्या, चोविशी-पंचविशीतल्या. त्यांना मी यांच्याच जोडीला दिलं. पहिल्या भेटीला मीही गेले आणि माझ्या ठरल्या जागी, उंबऱ्यापाशी बसले. नवीन ताईंनी भीतभीत बाळ उचललं आणि थेट झोळीत ठेवायला निघाल्या. मला राहवेना, पर्सचा बंद मी गच्च धरला. यांनी मात्र हात पुढं केला नाही. हळूच म्हणाल्या, "ताई, झोळी रिकामी असताना काटा कुठंय?" आणि गप्प राहिल्या. त्या पोरीने बाळ परत आईकडं दिलं, झोळी अडकवली, वर बघितलं, खाली बघितलं, आणि काट्याचा स्क्रू फिरवायला लागली. खूप वेळ लागला. बाळाच्या आजीने चहा टाकला तोवर.

उद्या सकाळी सातच्या एसटीने मला पुन्हा त्याच वाडीला जायचंय. तिथल्या एका मुलीला मुलगी झालीय, घरी आली, उद्या तिसरा दिवस. स्कूटी गॅरेजला आहे. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला जाणारी असेल तर स्टँडवर हाक मारा.

नमस्कार.